म्यूरची वाट आणि ती पुरी करणारे

पायी लांबवर जाणे म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. ज्येष्ठात निघालेली पालखी आषाढी एकादशीच्या तोंडावर पोचते आणि तेवढ्या दिवसांत साठी उलटलेल्या आजीबाईही घाट चढून जातात. पण वारीत एक सोय आहे, आणि ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिचा कोणी उल्लेखही करीत नाही. वारकऱ्याचे ओझे बहुधा वारकऱ्याच्या पाठीवर नसते. दिंडीचा ट्रक पुढे गेलेला असतो. वळकट्या, तंबू, शिधा, भांडी सारे त्यात. मुक्कामाला पोचावे तो चूल पेटलेली असते, आणि दिंडीची चूल नसेल तिथे गावची पंगत असते.

ज्या वाटेविषयी आज लिहावयाचे आहे ती लांबीने याहून थोडी अधिक आणि दिवस जवळजवळ तेवढेच लागतात. मात्र तिच्यावर गाव नाही, पंगत नाही आणि ट्रक तर नाहीच. खायचे ते पाठीवर, निजायचे ते पाठीवर, आणि खिंडी आपल्या कळसूबाईच्या दुप्पट उंचीच्या. तिचे नाव जॉन म्यूर ट्रेल. अमेरिकेच्या पश्चिम भागात, कॅलिफोर्निया राज्यात, सिएरा नेवाडा नावाची ग्रॅनाइटची प्रचंड पर्वतरांग आहे. तिच्यातील योसेमिटी दरीतून ही पायवाट निघते आणि दक्षिणेकडे माउंट व्हिटनी या शिखरावर, ४४२१ मीटरांवर, संपते. अलास्का सोडल्यास तेथील सलग भूभागातले हे सर्वांत उंच शिखर. लांबी २११ मैल, म्हणजे ३४० किलोमीटरांच्या आसपास. वाटेतले सारे चढ एकावर एक रचले तर सुमारे चौदा हजार मीटर होतात; समुद्रकाठापासून एव्हरेस्टचा माथा गाठून पुन्हा निम्म्याहून अधिक चढावे, एवढा हा हिशेब.

मी स्वतः त्या वाटेने गेलेलो नाही, हे आधीच सांगितलेले बरे. माझा धंदा ओझ्याचा. गेली तीस वर्षे हमाल आणि माथाडी कामगारांच्या संघटनेत काम करीत आहे. आमच्या एका सहकाऱ्याचा मुलगा कॅलिफोर्नियात इंजिनिअर आहे. त्याने ही वाट पुरी केली आणि सुटीवर घरी आला तेव्हा मी त्याला दोन संध्याकाळी बसवून घेतले. पहिला प्रश्न मी तोच विचारला जो आमच्यातला कोणीही विचारील : पाठीवर किती किलो होते? त्याने तत्काळ आकडा सांगितला, ग्रॅमपर्यंत. तेव्हाच मला कळले की ही विद्या आपल्याला परकी नाही. पुढे मिळतील तशी पुस्तके वाचली. त्या वाचनातून जे कळले ते येथे मांडतो.

आधी ओझ्याचेच पाहू. कारण वाट पुरी होते की नाही हे बहुतेक तिथेच ठरते.

वाटेच्या उत्तरेकडच्या भागात शिधा भरून घेण्याच्या दोनतीन जागा आहेत. टुऑलमी मेडोज येथे मोटाररस्ता आडवा जातो. पुढे रेड्स मेडो येथे रस्ता जवळ येतो. निम्मी वाट सरता सरता एक घोड्यांचा तळ लागतो, त्याला म्यूर ट्रेल रँच म्हणतात. तिथे शिधा पोचवण्याची तऱ्हा ऐकण्यासारखी आहे. वाटसरूने निघण्याच्या कितीतरी आधी प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बादलीत आपले अन्न भरून ती पोस्टाने पाठवायची. बादलीच का, तर पुठ्ठ्याचे खोके उंदीर कुरतडतात. पोस्टातून ती बादली तळाची माणसे उचलतात, होडीने फ्लॉरेन्स सरोवर ओलांडून वर नेतात. म्हणजे ‘मी एकट्याने स्वतःच्या बळावर चाललो’ असे जो म्हणतो, त्याच्यामागेही एक पोस्टमन, एक नावाडी आणि एक गाडीवान असतोच. याबद्दल त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. फक्त हिशेबात तेवढे धरावे.

खरी गंमत त्या तळानंतर आहे. तिथून माउंट व्हिटनीच्या पायथ्याच्या रस्त्यापर्यंत सुमारे १७५ किलोमीटर एकही मोटाररस्ता वाटेला छेदीत नाही. साधारण मनुष्यास या टप्प्याला नऊ-दहा दिवस लागतात. दररोजचे कोरडे अन्न पाऊण ते एक किलो धरले तर आठ-नऊ किलो अन्नच झाले. तंबू, स्लीपिंग बॅग, गरम कपडे, शेगडी, भांडे आणि सॅकचे स्वतःचे वजन मिळून आणखी आठ किलो. पाणी एक-दीड लिटर. शिवाय एक सक्तीची वस्तू : अस्वलाला उघडता न येणारा जाड प्लॅस्टिकचा डबा. सिएरात काळी अस्वले आहेत आणि माणसाचे अन्न चोरण्यात ती पटाईत झाली आहेत. म्हणून वाटेच्या बऱ्याच भागात हा डबा नसेल तर जाऊ देत नाहीत. डबा रिकामाच एक किलोच्या वर भरतो आणि त्यात सात-आठ दिवसांचे अन्न जेमतेम मावते. दहा दिवसांचे कसे कोंबायचे हा तिथल्या चर्चेचा नित्याचा विषय आहे. दंतमंजन आणि साबणसुद्धा रात्री त्याच डब्यात ठेवायचा, कारण अस्वलाला वास पुरतो.

आमच्या मुलाने यावर घरगुती तोड काढली होती. त्याने सातूचे पीठ, गूळ, दाण्याची चटणी आणि तूप नेले. यामागे शास्त्र आहे. एक ग्रॅम भातातून किंवा साखरेतून अंगाला चार कॅलरी मिळतात, एक ग्रॅम तुपातून नऊ. ज्याला प्रत्येक ग्रॅम पाठीवर वाहायचा आहे त्याने तूप, तेल आणि दाणे यांवर भर द्यावा हे उघड आहे. बायाबापड्या पूर्वी लांबच्या प्रवासाला दशम्या, लाडू, तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून देत तेव्हा त्यांना कॅलरी हा शब्द ठाऊक नव्हता. हिशेब मात्र बरोबर होता.

तर सगळे मिळून अठरा-एकोणीस किलो. माझ्या धंद्यातल्या माणसाला हा आकडा क्षुल्लक वाटेल. धान्याचे पोते शंभर किलोचे होते ते पन्नासवर आणण्यासाठी आमच्यासारख्या संघटनांना वर्षानुवर्षे भांडावे लागले. त्यापुढे अठरा किलो म्हणजे काय? पण हमाल पोते उचलतो ते ट्रकपासून थप्पीपर्यंत, पन्नास-साठ पावले. मग पाठ मोकळी होते आणि परतताना श्वास मिळतो. इथे अठरा किलो सकाळी चढतात ते संध्याकाळी उतरतात, आणि मध्ये हवा विरळ असते. चार हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने साठ-बासष्ट टक्क्यांवर येतो. म्हणजे प्रत्येक श्वासाला प्राणवायू तितकाच कमी. ओझे मोजताना नुसते वजन धरून भागत नाही. अंतर, चढ आणि विसाव्याचे अंतर हीही मोजावी लागतात. आमच्या वाटाघाटींत मालकांना हे पटवताना माझी हयात गेली. डोंगरात चालणाऱ्याला ते दुसऱ्या दिवशीच पटते.

अनुभवी लोक म्हणून पहिल्या चार दिवसांना फार जपतात. बुटात पाय चोळवटून फोड आला की तो तिथल्या तिथे चिकटपट्टीने झाकायचा, ‘पुढच्या मुक्कामाला पाहू’ म्हणायचे नाही. सुरुवातीला दिवसाला बारा-पंधरा किलोमीटरांच्या पुढे जायचे नाही; अंगाला उंचीची सवय झाली आणि शिधा घटत गेला की वेग आपोआप वाढतो. तीन आठवड्यांत ही वाट पुरी होते ती अशी. या वाटेवर धावणारे वीरही आहेत. फ्रान्सच्या एका धावपटूने २०१७ साली ती तीन दिवसांच्या आत संपवली. त्याचे कौतुक आहे. पण तीन दिवसांत त्याने काय पाहिले असेल, असा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही.

वेळापत्रकही निसर्गाने घालून दिलेले आहे. हिवाळ्यात या रांगेवर प्रचंड बर्फ पडते आणि खिंडींतून ते जून-जुलैपर्यंत हटत नाही. ते वितळू लागले की ओढ्यांचे पूर होतात. दिवसा ऊन वितळवते म्हणून दुपारनंतर पाणी चढते. शहाणा मनुष्य ओढा भल्या पहाटे ओलांडतो. २०१७ साली बर्फ अतोनात होते, आणि त्या उन्हाळ्यात सिएरातील प्रवाह ओलांडताना वाहून जाऊन दोन तरुणी मरण पावल्या. ऑगस्टमध्ये पाणी ओसरते तर दुपारच्या विजा सुरू होतात. म्हणून खिंड बारा वाजण्यापूर्वी ओलांडून खाली उतरायचे. सप्टेंबर सर्वांत सुखाचा म्हणावा, तर वणव्यांचे दिवस येतात. २०२० च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातील सारी राष्ट्रीय वने वणव्यांपायी बंद करावी लागली होती. अशा वेळी अर्ध्यावरून परतणारा मनुष्य भेकड ठरत नाही.

आता ज्याच्या नावाने ही वाट ओळखली जाते त्याच्याविषयी थोडे. जॉन म्यूर १८३८ साली स्कॉटलंडमध्ये जन्मला आणि अकराव्या वर्षी बापाबरोबर अमेरिकेत आला. बापाच्या शेतावर राबला. पुढे इंडियानापोलिसमध्ये गाडीचे भाग बनवण्याच्या कारखान्यात कामाला लागला. १८६७ साली तिथे काम करताना हातातले अवजार निसटून त्याच्या डोळ्यात घुसले. त्या डोळ्याची दृष्टी गेली, आणि दुसराही काही काळ मिटला. अंधाऱ्या खोलीत कित्येक आठवडे पडून राहिल्यावर दृष्टी परत आली तेव्हा त्याने कारखाना सोडला आणि केंटकीपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत सुमारे हजार मैल पायी गेला. पुढल्या वर्षी तो कॅलिफोर्नियात पोचला. मेंढ्यांच्या कळपामागे सिएरा चढला. लाकडाच्या वखारीत राबला. निसर्गाचा मोठा लेखक आणि १८९२ साली स्थापन झालेल्या सिएरा क्लबचा पहिला अध्यक्ष म्हणून जग त्याला ओळखते. पण त्याला डोंगराकडे ढकलले ते कारखान्यातल्या एका अपघाताने, हे आमच्यासारख्यांनी विसरू नये. आमच्या कचेरीत बोटे तुटलेली, डोळा गेलेला माणूस येतो तेव्हा त्याच्यापुढे नुकसानभरपाईचा अर्ज असतो; हजार मैलांची वाट नसते.

म्यूरच्या लिखाणात सिएरा जवळजवळ निर्मनुष्य दिसते. ती तशी नव्हती. या खिंडींतून पाइयूट, मोनो, मिवॉक इत्यादी मूळ रहिवाशांची ये-जा हजारो वर्षे चालू होती. पूर्वेकडून काळा ज्वालाकाच आणि मीठ पश्चिमेस जाई, पश्चिमेकडून ओकची फळे पूर्वेस येत. ज्वालाकाचेची बाणाग्रे आणि टवके आजही खिंडींजवळ सापडतात. हा सारा व्यापार पाठीवरून चाले. सिएरातले पहिले ओझेवाले तेच. पाइयूट लोक या वाटेला आजही आपल्या भाषेत ‘लोकांची वाट’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. १८५१ साली सोन्याच्या शोधात आलेल्या गोऱ्यांची सशस्त्र तुकडी योसेमिटी दरीत शिरली आणि तिथल्या वस्तीला तिने हुसकावून लावले. ज्या जागेला नंतर ‘अस्पर्श’ म्हटले गेले ती आधी रिकामी करण्यात आली होती. म्यूरने या लोकांविषयी काही ठिकाणी तुच्छतेने लिहिले आहे. त्याच्याच सिएरा क्लबने २०२० साली तशी जाहीर कबुली दिली.

टुऑलमी मेडोजला जो रस्ता वाटेला आडवा जातो त्याचीही कथा अशीच. १८८३ साली खाणीसाठी तो बांधला गेला तेव्हा राबणाऱ्यांत शेकडो चिनी मजूर होते. सुमारे नव्वद किलोमीटरांचा डोंगरी रस्ता एकशेतीस दिवसांत उरकला. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ साली, अमेरिकेने चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा केला होता! हातांना काम होते, माणसाला दार बंद होते. योसेमिटीच्या उद्यानात या मजुरांची दखल घेणारे प्रदर्शन मांडले गेले ते २०२१ साली.

याच चिनी मंडळींपैकी एकाचे नाव मात्र नकाशावर आहे. टाय सिंग हा भूमापन खात्याचा आचारी. १९१५ साली स्टीफन मॅदर यांनी संपादक, खासदार, धनिक अशा वजनदार लोकांना सिएराची सफर घडवली, राष्ट्रीय उद्यानांसाठी त्यांची मने वळवावीत म्हणून. त्या सफरीत स्वयंपाक टाय सिंगने केला. पावाची भिजवलेली कणीक तो सकाळी खेचराच्या पाठीवरच्या सामानात ठेवी, जनावराच्या अंगाच्या उबेने ती दिवसभरात फुगे आणि संध्याकाळी ताजा पाव मिळे, असे सांगतात. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय उद्यानांचे खाते निघाले आणि मॅदर त्याचे पहिले संचालक झाले. आज म्यूरच्या वाटेवर एका उंच खिंडीला मॅदर यांचे नाव आहे. टाय सिंगच्या नावाचे शिखर तिकडे दूर, योसेमिटीच्या दक्षिण सीमेवर आहे. पण आहे हेही काही कमी नाही.

वाटेची कल्पना मूळची म्यूरची नव्हे. थिओडोर सॉलोमन्स नावाचा चौदा वर्षांचा मुलगा १८८४ साली आपल्या चुलत्याची गुरे राखीत असताना समोरच्या शिखरांकडे पाहून, यांच्या कण्याकण्याने जाणारी वाट असावी, असे मनात धरून बसला. मोठेपणी त्याने त्या मुलखात हिंडून नकाशे केले. एका सुंदर खोऱ्याभोवतीच्या शिखरांना त्याने १८९५ साली डार्विन, वॉलेस, हक्स्ले, हेकेल, फिस्क आणि स्पेन्सर अशी उत्क्रांतिवाद्यांची नावे दिली. आपल्या आगरकरांनी ज्याचे ग्रंथ पचवले तोच हा हर्बर्ट स्पेन्सर. पुण्यात त्याच्यावरून वाद झडले आणि तिकडे त्याच्या नावाचा डोंगर झाला.

१९१४ च्या डिसेंबरात म्यूर वारला. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने या वाटेसाठी दहा हजार डॉलर मंजूर केले, तिला म्यूरचे नाव दिले आणि आखणीचे काम राज्याचे मुख्य अभियंता मॅक्‌क्ल्यूर यांच्याकडे सोपवले. बांधकाम १९१५ साली सुरू झाले आणि १९३८ साली संपले. पैसे संपले की काम थांबे, पुन्हा अनुदान मिळाले की चाले. शिवाय वर्षातले तीन-चार महिनेच काम करणे शक्य. तेवीस वर्षे लागली यात नवल नाही. शेवटी राहिला तो पॅलिसेड ओढ्यावरचा उभा कडा. तिथे दगड फोडून, वळणावर वळण देत वाट वर चढवली आहे. तिला ‘सोनेरी जिना’ म्हणतात.

डोंगरात वाट बांधणे म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. कारण चालणाऱ्याला ती नैसर्गिकच वाटते, आणि तशी वाटावी हेच बांधणाऱ्याचे कौशल्य. कड्यावर सरळ चढ काढता येत नाही. लादलेले खेचर चढू शकेल एवढाच उतार ठेवावा लागतो, म्हणून वाट इकडून तिकडे वळसे घेते. वळशाच्या बाहेरच्या बाजूला सुक्या दगडांचा बांध रचतात, आपल्याकडे शेताचा गडगा रचतात तसा. चुना नाही, सिमेंट नाही, प्रत्येक दगड दुसऱ्यावर बसवलेला. वाटेवरून पाणी वाहू लागले की दोन पावसाळ्यांत तिचा ओढा होतो, म्हणून ठरावीक अंतरावर दगडाची आडवी पट्टी बसवून पाणी बाजूला काढून द्यावे लागते. जिथे निखळ ग्रॅनाइट आहे तिथे पहार, घण आणि सुरुंग. हे सारे साडेतीन-चार हजार मीटरांवर, तंबूत राहून, खेचरांवरून आलेल्या शिध्यावर.

वाटेवरची सर्वांत उंच मोठी खिंड फॉरेस्टर खिंड, चार हजार मीटरांची. दक्षिणेकडून पाहिले तर ती कड्यातली एक खाच दिसते, आणि त्या उभ्या कड्यातून वाट कोरून काढली आहे. पूर्वी वाट दुसऱ्या दोन खिंडींतून वळसा घालून जाई. तो वळसा वाचवण्यासाठी हे काम काढले. त्या कामावर १९३० साली डोनाल्ड डाउन्स नावाचा अठरा वर्षांचा मजूर मरण पावला. खिंडीजवळ खडकात त्याच्या नावाचा फलक आहे. वाटसरू धापा टाकीत तिथे पोचतात, काही थांबून वाचतात, काही छायाचित्र घेऊन पुढे जातात. माझ्या सहकाऱ्याचा मुलगा थांबला होता. त्याने मला त्या फलकाचे छायाचित्र दाखवले. शिखराचे छायाचित्र त्यानंतर.

आणि १९३८ साली वाट ‘पुरी’ झाली म्हणजे काम संपले असे नाही. दर हिवाळ्याने ती मोडते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात इतके बर्फ पडले की सॅन वाकीन नदीच्या दक्षिण शाखेवरचा एक पोलादी पूल वाकला आणि पुढे तो काढूनच टाकावा लागला. दर उन्हाळ्यात पडलेली झाडे कापायची, खचलेले बांध रचायचे, मुजलेले पाणी मोकळे करायचे. या कामावर उद्यानांची आणि वनखात्याची माणसे असतात, तशीच कॅलिफोर्निया कॉन्झर्वेशन कोअर या १९७६ साली निघालेल्या सरकारी दलातली तरुण मुले-मुली. हे दल आपल्या ब्रीदवाक्यात उघडउघड सांगते की काम कष्टाचे, पगार थोडा आणि हाल भरपूर. जन्मभर संघटनेत घालवलेल्या माणसाला असले ब्रीदवाक्य वाचून काय वाटते ते विचारू नका. इतक्या प्रामाणिक शब्दांत नोकरीची जाहिरात देणारा मालक मला तरी आजवर भेटलेला नाही!

आता एक गोष्ट, जी पुस्तकांत फारशी येत नाही. तीन आठवडे चालायचे म्हणजे तीन आठवड्यांची रजा हवी, आणि घरची चूल पेटती राहायची तर ती भरपगारी हवी. अमेरिकेत भरपगारी सुटी देणे मालकाला बंधनकारक करणारा केंद्रीय कायदा आजही नाही. त्यामुळे या वाटेवर भेटतात ते विद्यार्थी, निवृत्त लोक, दोन नोकऱ्यांच्या मधले लोक, किंवा आमच्या मुलासारखे बरी रजा असलेले इंजिनिअर. हे ध्यानात आलेला एक मनुष्य तिथे होऊन गेला : बेंटन मॅकाय. अमेरिकेच्या पूर्वेकडील ॲपलाचियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरांहून लांब वाट त्याने १९२१ साली सुचवली ती एका लेखात, आणि त्या लेखात डोंगरांच्या वर्णनाआधी हिशेब मांडला तो कामकरी माणसाला वर्षाकाठी किती मोकळे दिवस मिळतात याचा. वाट त्याच्या लेखी नंतर, आधी वेळ. फ्रान्समध्ये हा प्रश्न सुटला तो डोंगरात नव्हे, कारखान्यात. १९३६ च्या मे-जूनमधल्या प्रचंड संपानंतर तिथे दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली, आणि त्या उन्हाळ्यात कित्येक कामगार कुटुंबांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र किंवा डोंगर पाहिला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगारास वीस दिवसांमागे एक दिवस रजा दिली. म्हणजे बारा-पंधरा दिवस. ती लग्नात, आजारपणात आणि गावच्या जत्रेत जाते. आणि ज्या हमालाची मजुरी तोलावर आहे, त्याला १९६९ च्या माथाडी कायद्याच्या मंडळाने छाया दिली नसती तर रजा हा शब्दच त्याच्या कोशात नव्हता. वारीला जाणारे आमचे कित्येक लोक आजही मजुरी बुडवून जातात.

वेळ मिळाला तरी परवाना मिळेलच असे नाही. गर्दी एवढी वाढली की २०१५ साली योसेमिटीतून डोनोह्यू खिंडीपलीकडे जाणाऱ्या वाटसरूंवर दिवसाला ४५ माणसांची मर्यादा घालण्यात आली, आणि तेव्हापासून परवाना चिठ्ठ्यांवर ठरू लागला. पुष्कळांना ही सक्ती वाटते. मला ती योग्य वाटते. डोंगराच्या पाठीलाही तोल असतो, आणि चिठ्ठी निदान श्रीमंत-गरीब पाहत नाही.

शेवटचा दिवस व्हिटनीचा. लोक मध्यरात्रीनंतर दिवे कपाळाला बांधून निघतात, म्हणजे सूर्योदयाला माथ्यावर पोचावे. माथ्यावर एक दगडी झोपडी आहे. ती १९०९ साली स्मिथसोनियन संस्थेच्या शास्त्रज्ञांसाठी बांधली. बांधली ती गुस्टाव्ह मार्श या पायथ्याच्या लोन पाइन गावच्या माणसाने. त्याआधी १९०४ साली त्या बाजूची वाटही त्याच्याच देखरेखीखाली झाली होती. १९९० साली वादळात या झोपडीत आसरा घेतलेला एक मनुष्य वीज पडून गेला. म्हणून ढग दिसताच माथा सोडावा अशी तिथे ताकीद आहे.

नकाशावर जॉन म्यूर ट्रेल इथेच, या झोपडीपाशी संपते. पण शिखरावर कोणाला राहता येत नाही. पूर्वेकडच्या कड्यावरून, ज्याला ‘नव्व्याण्णव वळणे’ म्हणतात त्या उतारावरून, आणखी सतरा-अठरा किलोमीटर खाली उतरावे लागते. हे अंतर वाटेच्या लांबीत धरीत नाहीत. गुडघे मात्र धरतात. खाली व्हिटनी पोर्टल येथे डांबरी रस्ता लागतो, एक दुकान लागते, आणि वाटेच्या तोंडाशी एक तराजू टांगलेला असतो. वर जाणारे आणि खाली आलेले दोघेही आपापली सॅक त्याला अडकवून पाहतात. आमच्या मुलाने अडकवली तेव्हा काटा नऊ किलोंवर थांबला. डब्यात सातूचे पीठ दोन मुठी उरले होते.